देव एक की दोन : मलकापूर ते बुलढाणा, यासीनच्या मोटारीने

मार्थाच्या पत्रात 'यासीनभाई' हा शब्द चार वेळा आला होता. पत्र माझ्या आईला लिहिलेलं, एका पानाचं. त्यात माझं नाव एकदा, तेही शेवटच्या ओळीत: "सायमनचं कॉलेज बरं चाललं असेल."

कॉलेज चाललंच नव्हतं. दिवाळीनंतर अमरावतीहून ट्रंक घेऊन जो मलकापूरला आलो तो परत गेलो नाही. घरी सांगितलं की लढाईच्या दिवसांत इंटर होऊन कोणाचं भलं झालंय, मी रेल्वेत लागतो. वडील स्टेशनवर हमालांचे जमादार आहेत, त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. खरं कारण असं की मार्था धामणगाव बढ्याला नर्स म्हणून लागल्यापासून तिने मला एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं, आणि वर्गात बसून मला फळ्यावर काहीच दिसत नव्हतं.

मलकापूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही दोनच कॅथॉलिक घरं होतो, आमचं आणि मार्थाचं. दोन्ही जालन्याकडून आलेली. गावात आमचं चर्च नाही, घंटा नाही. संध्याकाळी मशिदीची बांग झाली की आई हात धुऊन भिंतीवरच्या क्रुसापुढे दिवा लावायची, त्या दिवशी कोणासाठी प्रार्थना करायची त्याचं एक नाव सांगायची, आणि दोन्ही घरची पोरं गुडघे टेकून जपमाळेला बसायची. मार्था माझ्या शेजारी. तिची माळ काळ्या मण्यांची, माझी तांबड्या. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्या काळ्या मण्यांकडे पाहत नमो मरिया म्हणत आलो. पुढे तिचे वडील वारले, ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, आणि आता हे चार 'यासीनभाई'.

कोण हा, असं बाजारात विचारलं तर लोक माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहू लागले. मलकापूर-बुलढाणा सर्व्हिस मोटार चालवणारा यासीन ठाऊक नाही असा माणूस म्हणजे मीच. अमरावतीत राहून माणूस अडाणी होतो तो असा.

त्याच आठवड्यात निरोप आला की फादर येत्या रविवारी बुलढाण्याला मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करणार. ते दर दोन महिन्यांनी अकोल्याकडून येतात, तिथल्या एका गोवेकर ओव्हरसियरच्या घरी उतरतात, आणि आसपासची पाच-पंचवीस कॅथॉलिक माणसं तिथे जमतात. मार्थाही येणार हे उघड होतं. मी ठरवलं, दोन दिवस आधी निघायचं, धामणगावहून तिला घ्यायचं, आणि फादरपुढे तिच्यादेखत एक प्रश्न टाकायचा. प्रश्न मी कागदावर शाईने लिहिला: 'मुसलमान ज्याची प्रार्थना करतात तो देव आणि आपला देव एकच, की निराळे?' फादर 'निराळे' म्हणाले की माझं काम झालं. मार्था काहीही करील, फादरचा शब्द मोडणार नाही.

एवढ्यासाठी केलेला हा प्रवास. ज्यांना हवा बदलायला किंवा नुसताच घाट पाहायला जायचं असेल त्यांनाही तो उपयोगी पडावा म्हणून रस्ता नीट सांगतो. माझं दुखणं मध्ये मध्ये येईल, त्याला इलाज नाही.

शुक्रवारी सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. मोटार सातला सुटते अशी पाटी आहे. ती वाचून घरून निघू नये. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे बंबासारखी मोठी भट्टी असते, ती पेटवून पंख्याचा दांडा हाताने फिरवत बसावं लागतं, तेव्हा कुठे अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन खोकतं. धूर असा की पांढरे कपडे घालून आलेला माणूस मोताळ्याला उतरेपर्यंत गिरणीतला वाटतो. मी पांढराच सदरा घातला होता.

यासीन मला भट्टीमागे सापडला. पंचविशीचा, दंडाला काजळी, डोक्याला लाल रुमाल. मी त्याला कुरूप असण्याची पुष्कळ संधी दिली. त्याने एकही घेतली नाही.

"कुठी जाऊन राह्यला, भाऊ?"

"बुलढाण्याला. धामणगाव करून."

"धामनगावले कोनाकडं?"

"नर्सबाईंकडे. आमच्या घरच्या आहेत त्या," मी 'घरच्या'वर जोर देऊन म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि माझा पडला. "मार्थाबाईकडं? मंग म्होरं बसा ना, माह्याजवळ! मांगं धुराचा लय तरास हाये." आणि भट्टीजवळच्या म्हाताऱ्याला ओरडून, "चाचा, पंखा जोरानं फिरव न, आपल्या बाईचा मानूस हाये!"

आपल्या बाईचा. मी पुढे बसलो नाही. मागे धुरात बसलो.

मलकापूर ते मोताळा हा रस्ता या दिवसांत कापसाच्या गाड्यांचा असतो. जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्या एकामागे एक, बोंडांचे डोंगर रस्त्यावर झुकलेले, काटेरी बाभळीच्या प्रत्येक फांदीला कापसाचं झिपरं लटकलेलं. मोटारीला वाट मिळत नाही. दुसरा ड्रायव्हर शिव्या देतो. हा दरवाजातून डोकं काढून प्रत्येक गाडीवानाला नावाने हाक मारतो आणि त्याच्या बैलांची खुशाली विचारतो, आणि गाडीवान मुकाट बैल बाजूला घेतो. माझ्या शेजारी एक माळीण बसली होती, मांडीवर वांग्यांची पाटी. ती म्हणाली, "सोन्यासारखा पोट्टा हाये यासीन. मायचं किती करते!" मी तिला विचारलं, वांगी कशी दिली? विषय बदलायला तेवढंच सुचलं.

मोताळ्याला उतरून रोहिणखेडला जायला बैलगाडी मिळते, पण मी पायी गेलो. राग आला असला की पायी जाणं स्वस्त आणि बरं. गावात जुनी दगडी मशीद आहे, साडेतीनशे वर्षांची म्हणतात. पाहण्यासारखी आहे हे मला कबूल करावं लागतं, जरी त्या दिवशी मला त्यातलं काहीच चांगलं वाटू द्यायचं नव्हतं. काळा दगड, त्यावर कोरलेली अक्षरं फुलांच्या वेलीसारखी एकमेकांत गेलेली. आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम दूर जातं. जुम्म्याची नमाज होऊन गेली होती, अंगणात एक दाढीवाले बाबा जोडे नीट लावत बसले होते.

"काय लिहिलंय वर?" मी विचारलं.

"अल्लाचं नाव हाये. दुसरं काय लिहितीन?"

"तुमचा अल्ला ना?"

बाबांनी माझ्याकडे वर पाहिलं. "तुह्या गावात दुसरा हाये का?"

मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं, वर विचारलं, कोणाकडे आलास? धामणगावच्या नर्सबाईंकडे म्हटल्यावर म्हणाले, "मंग इथंच थांब ना. शुक्रवारी बाई आमच्याच गावात असते. यासीनच्या घरी. त्या गल्लीत, हिरवा दरवाजा."

त्या हिरव्या दरवाजापर्यंतची पन्नास पावलं मी कशी चाललो ते विचारू नका. दार उघडंच होतं. अंगणात बकरी, पुढे पडवी, पडवीत बाज. बाजेवर कोणीतरी गोधडी पांघरून पडलेलं. आणि बाजेच्या कडेला मार्था, पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर पदर. तिच्या हातात माळ होती. काळ्या मण्यांची नव्हे. मोठ्या, पिवळ्या मण्यांची, टोकाला हिरवा गोंडा असलेली मुसलमानी तसबी. डोळे मिटून ती एकेक मणी पुढे सरकवत होती.

मी उंबऱ्यावरच थांबलो. नऊ वर्षांचा असल्यापासून ज्या बोटांकडे पाहत आलो ती बोटं.

"सायमन!" तिने डोळे उघडले. खरोखर आनंदली. "तू काऊन आला? पत्र नाई, काई नाई!"

"फादर येणार आहेत. तुला न्यायला आलो."

"बरं झालं! मले पन फादरले एक गोष्ट विचारायची हाये. लय दिवसांची मनात हाये. मले झोप नाई लागत तिच्यापायी."

"कसली गोष्ट?"

तिने बाजेकडे पाहिलं, मग खाली. "फादरलेच सांगीन."

झालं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याची माळ हातात, आणि फादरलाच सांगण्यासारखी गोष्ट. दुधखुळ्या पोरालाही अर्थ लागला असता. मी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हे प्रवासवर्णन एका पानात संपलं असतं.

धामणगाव बढे मोठं, नांदतं गाव आहे. मार्थाने तिच्या क्वार्टरसमोरच्या माळ्याच्या घरी माझी सोय लावली. थंडीत या भागात येणाऱ्याने वांग्याचं भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नये: तुरखाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या आगीवर भाजलेली वांगी, हिरवा कांदा, वरून ठेच्याची मिरची, आणि ज्वारीची भाकर ताटाबाहेर जाईल एवढी. घरधनी वाढता वाढता म्हणाले, "नर्सबाई आल्यापासून गावात बायका बाळंतपनाले भेत नाईत. अन् रातीबेराती जायचं असलं त यासीनभाऊचा भाऊ दमनी जुंपून देते." तिखट लागलं असं सांगून मी डोळे पुसले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं मोताळ्याला आलो आणि दुपारची मोटार धरली. साहजिकच त्याचीच. मार्था पुढे बसली, त्याच्याजवळच्या बाकावर. मी या वेळी धुरात गेलो नाही, तिच्यामागेच बसलो, म्हणजे त्यांचं बोलणं सगळं ऐकू येईल. ते असं:

"खाला काल राती जेवली का?" मार्थाने विचारलं.

"पेज पेली. बाई आली का खाते. मी देलं त थुंकते."

"तुम्ही गरम देता न."

"हाव. मी ड्रायव्हर हावो, गरमच देईन."

दोघं हसली. एवढंच. मी ते सबंध घाटभर मनात घोळवलं आणि त्यात नाही नाही ते अर्थ भरले.

राजूरचा घाट पाहायचा तर पावसाळ्यानंतर दोन-तीन महिन्यांत पाहावा. सागाची पानं पिवळी पडायला लागलेली, वळणावळणाला वानरांची टोळी, खाली सपाट काळं रान कापसाने पांढरं झालेलं. कोळशाची मोटार हा घाट एका दमात चढत नाही. निम्म्या वाटेवर एक पिंपळ आहे, तिथे ती थांबतेच. भट्टीतली राख काढून नवा कोळसा भरावा लागतो. उतारू खाली उतरतात, विड्या ओढतात.

"कोन्ही पंखा फिरवता का?" यासीन म्हणाला. "भाऊ, तुम्ही?"

"मी तिकीट काढलंय," मी म्हणालो.

तो हसला, दुसऱ्या कोणाला दांडा दिला, डब्यातल्या पाण्याने हात-पाय-तोंड धुतलं, रस्त्याकडेच्या दगडावर रुमाल अंथरला आणि नमाजाला उभा राहिला. उतारूंना त्याचं काही वाटलं नाही. एका शेटजींनी विडी विझवली, तेवढंच. आणि तेव्हा मार्थाने पिंपळाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, पिशवीतून आपली काळी माळ काढली.

तो तिकडे वाकत होता, ही इकडे मणी सरकवत होती. मधे पिंपळ. दोघांची तोंडं निराळ्या दिशांना. पण दोघांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, दूरचं कोणीतरी बोलतंय ते ऐकू यावं म्हणून माणूस श्वास धरतो तसा. मी मोटारीच्या पायरीवर बसलो होतो. माझ्याही खिशात माळ होती. ती काढली नाही. मला वाटलं, ही दोघं कुठेतरी आत गेली आहेत, एकाच घरात, आणि दार लावून मला बाहेर ठेवलं आहे. त्याने तिचा हात धरलेला पाहिला असता तर मी इतका पेटलो नसतो. हात धरण्याला उत्तर देता येतं. याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर एकच: ते घर एक नाही. त्याचा पत्ता निराळा. मी खिशातला कागद चाचपून पाहिला.

बुलढाण्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. हवा एकदम गार, खालच्या गावांतून आलेल्याला स्वेटर पाहिजेच. ओव्हरसियरसाहेबांच्या व्हरांड्यात फादर पापनिवेदन ऐकायला बसले होते. खुर्ची, मधे दोरीवर घातलेली जाड सोलापुरी चादर, अलीकडे गुडघे टेकायला पोतं. फादर फ्रान्सच्या डोंगराळ भागातले, तीस वर्षांपासून इकडे. दाढी पांढरी, मराठी पुस्तकातलं. मी रांगेत पहिला घुसलो.

"फादर, मी पाप केलं आहे, मला आशीर्वाद द्या. एक ड्रायव्हर आहे, यासीन नावाचा. तो एका कॅथॉलिक मुलीला..."

"थांब," चादरीमागून आवाज आला. "तो ड्रायव्हर इथे आला आहे का?"

"नाही, फादर. तो अड्ड्यावर आहे."

"मग त्याची पापे तो सांगेल. तू तुझी सांग."

माझी सांगायला मला बराच वेळ लागला. राग, मत्सर, वडिलांशी खोटं बोलणं, पुन्हा मत्सर. शेवटी फादर म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून पाच नमो मरिया. त्या ड्रायव्हरसाठी." मी पाचही म्हटल्या, दात खाऊन.

रविवारी मिस्सा झाली. मिस्सेच्या उपासाने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं, म्हणून मिस्सेनंतरचा चहा हा मोठा समारंभ असतो. ओव्हरसियरबाईंनी शेवया केल्या होत्या. व्हरांड्यात वीस-पंचवीस जण बशांवर फुंकर मारत बसले होते. मार्था खांबाजवळ. परतीचे उतारू न्यायला यासीनही आला होता, खाली पायरीवर त्यालाही कोणी चहा दिलेला. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी उभा राहिलो आणि कागद वाचला.

फादरांनी बशी खाली ठेवली. "तू धर्माची प्रश्नोत्तरी शिकलास ना? देव किती आहेत?"

"एक."

"मग मुसलमान स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या, सर्वांचा न्याय करणाऱ्या एका देवाची भक्ती करतो. तो दुसरा आहे म्हणालास तर तुझ्या हिशेबाने देव दोन झाले. मग पहिल्या पानावरच तू नापास."

लोक हसले. मी म्हणालो, "पण ते ख्रिस्ताला देवाचा पुत्र मानत नाहीत! पिता, पुत्र, पवित्र आत्मा मानत नाहीत!"

"मानत नाहीत. ती लहान गोष्ट नाही. ते आणि आपण सारखेच, असे मी म्हणणार नाही. मी तसे म्हटले तर ते खोटे होईल, आणि हा भला माणूस," त्यांनी पायरीकडे मान केली, "तोही मान्य करणार नाही. पण कोणाची भक्ती करतो हे एक, आणि त्याच्याविषयी काय जाणतो हे दुसरे. तुझे वडील स्टेशनवर आहेत ना? तेथील हमाल त्यांना काय म्हणतात?"

"जमादार."

"आणि तू?"

"बाबा."

"माणसे दोन झाली का? हमालाला ते जमादार म्हणून ठाऊक आहेत. त्यांचा हुकूम तो मानतो, कदाचित तुझ्याहून अधिक. ते घरात बाप आहेत हे त्याला ठाऊक नाही. ख्रिस्ताने आपल्याला ते घरातले नाव सांगितले. पण माणूस एकच."

मी इतक्यात हरणारा नव्हतो. "आणि तो हमाल म्हणाला की जमादाराला मुलगाच नाही, तर?"

फादर दाढीत हसले. "चांगले विचारलेस. तर तो चुकला. पण कोणाविषयी चुकला? तुझ्याच वडिलांविषयी. दुसऱ्या कोणाविषयी नव्हे." मग म्हणाले, "हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. आठशेहून अधिक वर्षांमागे एका पोपसाहेबांनी आफ्रिकेतल्या एका मुसलमान राजाला पत्र लिहिले होते. आपण उभयता एकाच देवावर विश्वास ठेवतो आणि त्याला भजतो, जरी रीत निराळी, असे त्यात आहे."

म्हणजे पोपसुद्धा यासीनच्या बाजूने. माझ्या डोक्यात काय शिरलं सांगता येत नाही. मी कागद चुरगाळून फेकला आणि ओरडलो, "मग लावून द्या ना यांचं लग्न! देव एकच ना? एकच घर ना? मग लावून द्या!"

शेवया खाणारी सगळी तोंडं थांबली.

"कोनाचं लगन बे?" यासीन पायरीवरून उठला.

मी बोट केलं. आधी त्याच्याकडे, मग खांबाकडे.

फादर सावकाश म्हणाले, "लग्नाचा कायदा निराळा आहे, त्याला बिशपसाहेबांची परवानगी लागते. पण ते कोणी मागितले आहे का?"

मार्थाचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. ती रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. ती फादरपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"फादर, मले एकटीनं विचारायचं होतं, आता इथंच विचारते. या यासीनभाईच्या आईले लकवा मारला हाये. खैरुनबी नाव. दोन्ही हात गेले. जीभ चालते, बोटं नाई चालत. तिले तिची माळ करायची असते, पन मनी सरकत नाई. म्हून मी तिच्यासाठी सरकवते. ती तिचं म्हनते, मी मनात 'आमच्या बापा' म्हनते. हे पाप हाये का? मी खोट्या देवाची माळ ओढून राह्यली का? तीन महिने झाले, मी भेतभेत ओढून राह्यली."

बाज, गोधडी, आणि गोधडीखालचे ओठ. मी ते पाहिलेच नव्हते. मी फक्त बोटं पाहिली होती.

"तू तिचे शब्द म्हणतेस का?" फादरांनी विचारलं.

"नाई."

"स्वतःची प्रार्थना सोडलीस का?"

"नाई, फादर."

"मग तो नर्सचा हात आहे. तू आजाऱ्याला पाणी पाजतेस तसा. आणि ज्याला ती हाका मारते तो खोटा नाही, हे मी आत्ताच या मुलाला सांगत होतो. माळ ओढ, भिऊ नकोस."

यासीन पायरीवर उभाच होता. त्याला हे ठाऊक नव्हतं, म्हणजे मार्थाची भीती. तो तिच्याकडे पाहत होता. जरुरीपेक्षा थोडं जास्त वेळ, असं मला वाटलं. मग मान खाली घालून भट्टीकडे गेला. त्या दोघांच्या मनात काही होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. नसेल तर ते मी पंचवीस माणसांपुढे तिथे आणून ठेवलं.

परतीच्या वेळी भट्टी पेटेना. यासीन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्याने पंख्याचा दांडा पुढे केला. "फिरव बे. तुह्यात लय वारा हाये."

मी फिरवला. हाताला फोड येईस्तोवर फिरवला. तिकीट काढलेलं असून.

मोटार घाट उतरली. मोताळ्याला मार्था उतरली, मी तिची पिशवी घेऊन मागे गेलो. दमणी उभी होती.

"मार्था, मी चुकलो."

"हाव, चुकला."

"पण मला वाटलं..."

"तू फादरले विचारलं, मशिदीतल्या बाबाले विचारलं म्हने, पोपपर्यंत गेला," ती म्हणाली. "मले विचारलं का? एकदा तरी?"

"आता विचारतो. माझ्याशी..."

"थांब." तिने माझ्या हातून पिशवी घेतली. "आता तू मले नाई विचारत, सायमन. तू यासीनभाईले हरवाले विचारून राह्यला. जेव्हा तो मधात नसंन तेव्हा विचार. मंग मी पाहीन काय सांगायचं ते."

ती दमणीत चढली. मग वळून म्हणाली, "अन् एक काम कर. घरी मावशीले सांग, आज संध्याकाळी खैरुनबीचं नाव घ्याले. तिचं आता लय दिवसाचं नाई."

मलकापूरपर्यंत मी धुरात बसलो. अड्ड्यावर पोचताच यासीन पाण्याचा डबा घेऊन निघाला. तो घाईत होता, दिवस मावळत आला होता.

घरी आई दारात उभी. कॉलेजचं, फादरांचं, मार्थाचं, काही विचारलं नाही. हात धुतलेले, काड्याची पेटी हातात, आणि कान बाहेर.

"बांग नाई झाली अजून?" ती म्हणाली.

वीस वर्षं हे वाक्य ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"माय, तू बांगेची वाट काऊन पाहते?"

"मंग कशाची पाहू? आपल्याकडं घंटा हाये का? वेळ झाली असं कोनी तरी सांगाले पाह्यजे न." तिला माझा प्रश्नच कळला नाही.

शाईने लिहिलेला कागद, तीन दिवस, एक घाट, आणि उत्तर आमच्या दारात उभं होतं, काड्याची पेटी घेऊन. माझा राग मात्र त्याने गेला नाही, हेही लिहून ठेवतो. फुकटचं शहाणपण सांगायला मी बसलेलो नाही. मार्था समोर आली की अजूनही मला आधी यासीन दिसतो, आणि तो दिसत असेपर्यंत विचारायचं नाही, एवढं मी पाळतो आहे. जूनमध्ये पुन्हा अमरावतीला जावं असं चाललंय. ज्यांना घाट पाहायचा आहे त्यांनी खुशाल जावं, पांढरे कपडे घालू नयेत.

त्या संध्याकाळी बांग झाली. आईने दिवा लावला. "कोनाचं नाव घेऊ?"

"खैरुनबी. रोहिणखेडची."

"कोन हाये ही?"

"आजारी आहे. मार्थाने सांगितलंय."

आईने नाव घेतलं आणि सुरुवात केली. मी गुडघे टेकले, तांबडी माळ काढली. शेजारची जागा रिकामी होती. माझ्या मनात आलं, या घटकेला मार्था तिकडे हेच नाव घेत असेल, आणि यासीन मशिदीत हेच. या वेळी मी त्या घराच्या बाहेर नव्हतो. पण तोही विचार पुरता गोड लागेना. सातची मोटार साडेआठला सोडणारा माणूस, तिथे मात्र माझ्याआधी पोचलेला असणार.

मी पहिला मणी जरा घाईनेच सरकवला.